घरची शिल्लक व बाजाराची सरासरी

अंकगणिताच्या तासाला चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून सोडवून घेत आलों आहों. मुद्दल अमुक, दर अमुक, मुदत अमुक, तर रास किती? मुलें सूत्र पाठ करितात, उत्तर बरोबर आणितात, आणि परीक्षा संपली कीं सारें विसरून जातात. ह्यांत मुलांचा दोष थोडा आहे. तो दर कोठून येतो, तो कोण देतो, आणि हातीं पडण्यापूर्वीं वाटेंत त्यांतून कोण किती काढून घेतो, ह्याविषयीं पुस्तकांत एक अक्षरही नसतें. संसार चालविणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीनें खरा प्रश्न तोच आहे. शिल्लक कोठें ठेवावी, असें पालकवर्गापैकीं कित्येकांनीं आम्हांस विचारिलें आहे. आणि वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुटींत मोबाईलवर शेअरबाजाराचे आंकडे पाहूं लागलीं आहेत, हेंही आमच्या नजरेस आलें आहे. म्हणून इंडेक्स फंड नांवाच्या एका अगदीं साध्या व अल्प खर्चाच्या सोयीची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम भाग, म्हणजे बाजारांत ज्यास शेअर म्हणतात तो काय, तें पाहूं. समजा, एक सूतगिरणी उभारावयाची आहे व तिला एक कोटी रुपये भांडवल पाहिजे. एकट्याजवळ इतका पैसा नसतो. म्हणून शंभर रुपयांचा एक, असे त्या भांडवलाचे एक लाख भाग पाडितात, आणि ज्यास जितके झेपतील तितके तो घेतो. ज्याजवळ एक भाग आहे तो गिरणीच्या एक लक्षांशाचा मालक झाला. नफा झाला तर त्याचा वांटा त्यास मिळतो. कांहीं नफा गिरणींतच राहून नवीं यंत्रें येतात व त्यामुळें भागाची किंमत चढते. आणि गिरणी बुडाली तर मालकाचाही पैसा बुडतो. बँकेंत वा पोस्टांत ठेव ठेवणारा मालक नव्हे, तो धनको होय. त्यास ठरलेलें व्याज मिळतें, आणि तें नक्की मिळतें हा ठेवीचा मोठाच गुण आहे. परंतु नक्की असतात ते रुपये. त्या रुपयांत येणारें धान्य नक्की नसतें. महागाई दरसाल शेंकडा ६ नें वाढत गेली तर बारा वर्षांत वस्तूंची किंमत दुप्पट होते, हें मुलांनीं स्वतः करून पाहावें. म्हणून ज्या पैशाची गरज पंधरा-वीस वर्षांनीं लागावयाची आहे, त्याचा कांहीं अंश तरी मालकीच्या रूपानें असावा, असें आमचें मत आहे.

पण मालकी कोणत्या कंपनीची? मुंबईनें ह्या प्रश्नाचें उत्तर फार महाग विकत घेतलें आहे. इ. स. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि पश्चिम हिंदुस्थानांतील कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईंत येऊन पडला. आज नवी बँक, उद्यां नवी कंपनी, असा क्रम लागला. समुद्र हटवून जमीन काढूं म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचे भाग मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकले जाऊं लागले, आणि प्रेमचंद रायचंद ह्या एका व्यापाऱ्याच्या शब्दासरसा बाजार चढूं व उतरूं लागला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. कापूस उतरला, १ जुलै रोजीं वायद्यांचे पैसे चुकते करण्याचा दिवस आला, आणि एकामागून एक व्यापाऱ्यांचीं पेढ्या-दुकानें बंद पडलीं. सरकारचा हात असलेली बँक ऑफ बॉम्बेदेखील त्या धक्क्यांतून सावरली नाहीं. १८६८ त ती मोडीत काढावी लागली. त्या काळचे भाग विकत घेणारे लोक मूर्ख होते असें नव्हे. मुंबईचा उत्कर्ष होणार हा त्यांचा तर्क पुढें खरा ठरला. चुकला तो कोणती कंपनी टिकेल हा तर्क. शहराच्या दलालांनीं १८७५ त जी संस्था स्थापिली, तीच आजचा मुंबई शेअरबाजार होय.

ह्या अडचणींतून निघण्याचा मार्ग ज्या वस्तूनें पुढें दाखविला, ती मुळांत केवळ वर्तमानपत्राची एक सोय होती. बाजार एकंदरींत चढला कीं उतरला हें एका आंकड्यांत सांगतां यावें, म्हणून चार्ल्स डाव ह्या अमेरिकन पत्रकारानें २६ मे १८९६ रोजीं बारा मोठ्या कंपन्यांच्या भागांच्या किंमतींची बेरीज केली, तिला बारांनीं भागिलें, आणि ती सरासरी छापिली. ह्यासच निर्देशांक, किंवा इंग्रजी शब्दानें इंडेक्स, म्हणतात. मुंबईचा तीस कंपन्यांचा सेन्सेक्स १९८६ पासून प्रसिद्ध होऊं लागला. त्यांत १९७८-७९ ह्या वर्षाची पातळी १०० धरलेली आहे. पन्नास कंपन्यांचा निफ्टी १९९६ त आला. डावप्रमाणें नुसत्या किंमतींची बेरीज आतां करीत नाहींत. बाजारांत खुल्या असलेल्या भागांचें एकूण मोल पाहून मोठ्या कंपनीस अधिक व लहानीस कमी वजन देतात.

ह्या यादीचा एक धर्म ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. सेन्सेक्सच्या मूळ तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती, जिच्या पद्मिनी मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून कित्येक दशकें धांवल्या. हिंदुस्थान मोटर्स होती, जिच्या अँबॅसडर मोटारींतून मंत्री व कलेक्टर फिरत. आज त्या दोन्ही यादींत नाहींत. डावच्या मूळ बारांपैकीं शेवटची उरलेली जनरल इलेक्ट्रिक ही कंपनीही २०१८ त त्याच्या यादींतून गळली. जी कंपनी क्षीण होते ती गळते, जी वाढते ती तिच्या जागीं येते, आणि हें आगाऊ ओळखण्याची जबाबदारी कोणावरही नसते. पद्मिनी मोटारीचे भाग ज्यानें घट्ट धरून ठेविले तो त्या कंपनीबरोबर खालीं आला. यादी ज्यानें धरिली तो आला नाहीं.

आतां इंडेक्स फंड म्हणजे काय तें एका वाक्यांत सांगतां येईल. पुष्कळ लोकांचा थोडाथोडा पैसा एकत्र करून, निर्देशांकाच्या यादींतील सर्व कंपन्यांचे भाग यादींतील प्रमाणांतच घ्यावयाचे, आणि यादी बदलली तरच आपण बदलावयाचें, असा जो फंड तो इंडेक्स फंड. त्यांत पांचशें रुपये घालणारा मनुष्य पन्नास कंपन्यांचा अत्यल्प कां होईना, पण मालक होतो.

सामान्य माणसासाठीं असा पहिला फंड १९७६ त अमेरिकेंत जॉन बोगल ह्यानें काढिला. त्याच्या आधीं दोन वर्षें पॉल सॅम्युएलसन ह्या नामवंत अर्थशास्त्रज्ञानें असा फंड कोणीतरी काढावा म्हणून लिहिलें होतें. बोगलच्या व्हॅनगार्ड ह्या संस्थेची रचना आपल्याकडील सहकारी पतपेढीची आठवण करून देणारी आहे: संस्थेचे मालक तिचे फंड, आणि फंडांचे मालक त्यांत पैसा घालणारे लोक, म्हणजे नफा काढून नेणारा तिसरा कोणी नाहीं. आरंभीं १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले १ कोटी १३ लाख. पांचशें कंपन्यांचे भाग योग्य प्रमाणांत घेण्यासही तेवढे पुरेनात. पैसा उभा करून देणाऱ्या दलालांनीं बेत सोडून द्यावा असें सुचविलें. तें बोगलनें ऐकिलें नाहीं. बाजारांतले लोक त्या फंडास 'बोगलचा मूर्खपणा' म्हणत. नुसत्या सरासरीवर समाधान मानणें हें अमेरिकन माणसास शोभत नाहीं, असाही एक आक्षेप होता. २०१९ त बोगल वारला तेव्हां त्याच्या त्या मूर्खपणाची नक्कल जगांतील बहुतेक मोठ्या गुंतवणूक संस्था करीत होत्या.

हा आक्षेप आमच्या वाचकांच्याही मनांत येईल. सरासरीवर समाधान कां मानावें? हुशार माणूस पगार देऊन नेमावा आणि उत्तम भाग निवडून घ्यावेत, हें बरें नव्हे काय? ह्याचें उत्तर समजण्यास वर्गाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. समजा, एका वर्गांत चाळीस मुलें आहेत व परीक्षेंत त्यांची सरासरी ५० गुण आली. चाळीसही मुलांनीं सरासरीहून अधिक गुण मिळविले, असें होणें शक्य नाहीं. एकास ६० मिळाले असतील तर त्याची भरपाई कोणाच्या तरी ४० नें झालेली असते. बाजाराचेंही असेंच आहे. बाजारांतील प्रत्येक भाग कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा असतो. तेव्हां सर्व भागधारकांच्या नफ्याची सरासरी म्हणजेच बाजाराचा नफा. एकानें त्याहून अधिक मिळविलें तर तें दुसऱ्या कोणाच्या तुटींतून आलेलें असतें. आतां असें समजा कीं वर्गांतील दहा मुलांनीं सांगितलें, 'आम्हांस वर्गाची सरासरी द्या, आम्ही तिच्यावर संतुष्ट आहों'. आणि त्यांच्या गुणांतून वहीखर्च म्हणून ०.२ गुण कापले. उरलेल्या तीस मुलांनीं नामांकित शिकवण्या लाविल्या, आणि शिकवणीच्या फीबद्दल प्रत्येकाचे २ गुण कापले. पहिल्या दहांस ४९.८ मिळाले. वर्गाची सरासरी ५० व दहांची ५०, म्हणून तीसांचीही फीपूर्वींची सरासरी ५० च असली पाहिजे. फी वजा जातां ती ४८ झाली. ह्यांत कोणाच्या बुद्धीस कमी लेखिलेलें नाहीं. तीसही मुलें एकाहून एक हुशार असोत, उत्तर ४८ च येतें. हा हिशेब विल्यम शार्प ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९९१ त एका छोट्या लेखांत मांडिला, आणि त्यास बेरीज-वजाबाकीपलीकडचें गणित लागलें नाहीं.

(खऱ्या परीक्षेंत मात्र सर्व वर्ग अभ्यास करून सरासरीच वर नेऊं शकतो, ही गोष्ट मुलांनीं विसरूं नये.)

त्या तीसांत दोघे-चौघे असे निघतीलच कीं ज्यांस फी देऊनही ५५ किंवा ६० मिळाले. परंतु ते कोण, हें निकाल लागल्यावर कळतें. आणि ह्या वर्षींचा पहिला पुढील वर्षींही पहिलाच येईल असा ह्या बाजारांत नियम नाहीं. अमेरिकेंत मोठ्या कंपन्यांचे भाग निवडून घेणाऱ्या फंडांची पंधरा वर्षांची कामगिरी मोजिली असतां दहांपैकीं आठांहून अधिक फंड निर्देशांकाच्या मागें पडलेले आढळतात.

दोन गुणांची फी कोणास मोठी वाटत नाहीं. शंभरांत दोन रुपये! पण तीं दरसाल जातात, आणि मुद्दलावर जातात, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. दहा हजार रुपये तीस वर्षांसाठीं ठेविले व बाजारानें दरसाल शेंकडा १० दिले असें केवळ उदाहरणासाठीं धरूं. खर्च मुळींच नसता तर रास सुमारें १,७४,५०० रुपये होते. दरसाल ०.२ खर्च धरिला, म्हणजे ९.८ चा दर लाविला, तर ती १,६५,२०० होते. खर्च २ धरिला, म्हणजे ८ चा दर लाविला, तर १,००,६०० होते. पैसा तुमचा, जोखीम तुमची, तीस वर्षें धीर धरिला तो तुम्हीं. आणि वाढीव राशींतून ७३,९०० रुपये अशा माणसाच्या घरीं गेले ज्यानें स्वतःचा एक रुपयाही घातला नव्हता. आमच्या दहावीच्या मुलांनीं हीं तीन उत्तरें स्वतः काढून आपल्या वडिलांस दाखवावींत. अंकगणितानें घरच्या संसाराची इतकी सेवा क्वचितच घडते.

पैजेचा व्यवहार आम्हांस मान्य नाहीं. तथापि एक पैज सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वॉरन बफे ह्या अमेरिकेंतील प्रसिद्ध धनिकानें २००८ च्या आरंभीं एका गुंतवणूक संस्थेशीं दहा वर्षांची पैज लाविली, व जिंकलेली रक्कम धर्मादाय कामास द्यावी असें ठरविलें. त्या संस्थेनें मोठी फी घेणारे, निवडक व्यवस्थापकांचे पांच फंड घेतले; बफेनें व्हॅनगार्डचा साधा इंडेक्स फंड घेतला. पहिल्याच वर्षीं जगांत आर्थिक अनर्थ ओढवला. इंडेक्स फंड शेंकडा ३७ नें घसरला, आणि प्रतिपक्षाचे पांचही फंड त्याहून कमी घसरले. त्या दिवशीं कोणी निकाल लाविला असता तर तो बफेच्या विरुद्ध लागला असता. २०१७ च्या अखेरीस दहा वर्षें पुरीं झालीं तेव्हां इंडेक्स फंडाची एकंदर वाढ शेंकडा १२५.८ भरली, पांचांतील उत्तम फंडाची ८७.७, आणि उरलेल्या चारांपैकीं एकाचीही ५० पर्यंत पोंचली नाहीं.

शेंकडा ३७ ची घसरण लिहावयास सोपी आहे. शंभर रुपयांचे त्रेसष्ट झालेले पाहत स्वस्थ बसणें हें सोपें नाहीं, आणि आमच्या समजुतीप्रमाणें ह्या विद्येंतील एकमेव कठीण धडा तोच आहे. सेन्सेक्स जानेवारी २००८ त २१,००० वर गेला होता. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत तो ८,५०० च्या आसपास आला. पुन्हा २१,००० वर बंद होण्यास नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० च्या साथींत २३ मार्च ह्या एका दिवशीं तो शेंकडा १३ हून अधिक घसरून २६,००० च्याही खालीं गेला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं ४७,००० ओलांडून गेला. दोन्ही वेळां ज्यांनीं भिऊन विकलें त्यांचा तोटा कायमचा झाला. पण प्रत्येक घसरण दोन वर्षांत भरून येतेच असें समजणेंही चुकीचें होईल. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती उंची ओलांडण्यास फेब्रुवारी २०२४ यावा लागला. चौतीस वर्षें! म्हणून पांच-सात वर्षांत लागणारा पैसा, जसें थोरल्या मुलाच्या कॉलेजचा किंवा घराच्या छपराचा, तो ह्या मार्गांत घालूं नये. तो ठेवींतच शोभतो. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम हाताशीं असावी, आणि सावकाराचें वा क्रेडिट कार्डाचें कर्ज असेल तर आधीं तें फेडावें. त्या व्याजाशीं बरोबरी करणारा फंड जगांत नाहीं.

सारा पैसा एकाच दिवशीं, बाजार शिखरावर असतांना, गुंतूं नये म्हणून दरमहा ठराविक रक्कम घालण्याची रीत बरी. भाव १०० असतां पांचशें रुपयांत ५ एकक येतात, ५० असतां १०, पुन्हा १०० असतां ५. दीड हजारांत २० एकक, म्हणजे सरासरी भाव ७५ पडला. तीन महिन्यांच्या भावांची सरासरी मात्र ८३ रुपयांच्या वर आहे. ह्यांत जादू कांहीं नाहीं. स्वस्ताईंत आपोआप अधिक माल पदरांत पडतो, इतकेंच.

मोबाईल हातीं असलेल्या मुलांसाठीं, आणि विशेषतः त्यांच्या थोरल्या भावांसाठीं, एक आंकडा देतों. फ्यूचर्स व ऑप्शन्स ह्या नांवांनीं जे वायदे चालतात, त्यांत उतरलेल्या व्यक्तींची पाहणी शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी ह्या संस्थेनें केली व सप्टेंबर २०२४ त प्रसिद्ध केली. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ ह्या तीन वर्षांत शंभरांतील ९३ जणांस तोटा झाला, आणि एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक भरला. १८६५ च्या जुलैंतही वायदेच होते. 'तीन वर्षांत दामदुप्पट' म्हणून घरीं येणाऱ्या गृहस्थाविषयीं वेगळें लिहीत नाहीं. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल शेंकडा सुमारें २६; हा दर तो कोठून आणणार, एवढें त्यास विचारावें व उत्तर मिळेपर्यंत चहा देऊं नये.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या आहेत. कोणत्याही कंपनीचें नांव आम्ही सुचवीत नाहीं. पण निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या. निर्देशांक विस्तृत असावा: निफ्टी, सेन्सेक्स, किंवा त्यांहून मोठा. हल्लीं एखाद्याच धंद्याची यादी करून तिलाही इंडेक्स म्हणण्याची चाल पडली आहे. नांव तेंच असलें तरी तो सरासरीचा सौदा नव्हे. त्याच निर्देशांकाच्या अनेक फंडांत ज्याचा वार्षिक खर्च कमी व जो निर्देशांकाच्या अगदीं लगत चालत आला आहे, तो घ्यावा. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडास दोन दरवाजे आहेत, डायरेक्ट व रेग्युलर. दुसऱ्यांतून गेल्यास एजंटाचें कमिशन आपल्याच पैशांतून जातें. जेथें निवड करण्याजोगें कांहीं नाहीं तेथें तें देण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. खात्यावर वारसाचें नांव लावावें, आणि असें खातें आहे हें घरांत सांगून ठेवावें. कर्त्या माणसाच्या मागें कागद कोठें आहेत हें ठाऊक नसलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत.

मुलाच्या नांवेंही असें खातें आई किंवा वडील पालक म्हणून उघडूं शकतात. पालकाचें पॅन कार्ड व मुलाचा जन्मदाखला त्यास लागतो. मूल अठरा वर्षांचें झालें कीं दरमहाचे हप्ते थांबतात, आणि मुलानें स्वतःचें पॅन कार्ड व बँकेचें खातें दाखवून कागद नव्यानें भरून दिल्यावांचून त्या फंडांतील पैसा काढतां येत नाहीं कीं भरतां येत नाहीं. अकरावी-बारावीच्या गडबडींत हें राहून जातें; तेव्हां अठराव्या वाढदिवसाच्या दोन महिने आधींच तीं कागदपत्रें तयार ठेवावींत.